दोन आणि तीनच्या मध्ये

मी एक जुना फळा आहे, आलेख काढायचा, चौकटी चौकटींचा. मित्रांनो, पराक्रमाची कहाणी ऐकायला बसला असाल तर चुकीच्या भिंतीपाशी आलात. मी भित्रा आहे. खडू हातात घेऊन कुणी समोर उभं राहिलं, की आजही मला भिंतीत शिरावंसं वाटतं.

एका सुताराने मला घडवलं आणि एका रंगाऱ्याने काळा रंग दिला. मग पांढऱ्या रंगात भिजवलेला दोरा माझ्या अंगावर ताणून तो टणकन सोडायचा, की एक सरळ रेघ उठायची. असे शंभरेक फटके मी सोसले. मधोमध त्याने दोन जाड रेघा मारल्या, एक आडवा अक्ष आणि एक उभा अक्ष. मागे सरून त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आता यावर कुणाला चुकायची सोय नाही." बिचाऱ्याने शाळा पाहिलेली नसावी.

शाळेत मी सव्वीस वर्षं काढली. गणिताच्या बाई मला रोज स्वच्छ फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "हा माझा उजवा हात आहे." पण वर्गसमीकरणाचे आलेख सुरू झाले, की अख्खा वर्ग माना खाली घालायचा. ज्याला पुढे बोलावलं, त्याचा खडू थरथरायचा आणि ती थरथर माझ्यात उतरायची. वजा दोनचा वर्ग कुणी वजा चार लिहायचं, की वाटीसारखी यायला हवी ती रेघ भलतीकडेच घसरायची. चूक सगळ्यांच्या आधी मला दिसायची, कारण ती माझ्याच अंगावर असायची. पण ती सांगणार कशी? फळ्याला तोंड नसतं. बाई यायच्या, फडकं फिरवायच्या, चूक जायची. चुकीने कुणाचा जीव जात नाही, असं मी तिथे शिकलो, आणि ते खोटं होतं.

पुढे शाळेत चकचकीत पांढरा फळा आला. मला सायकलींच्या छपरामागे उभं केलं. पावसाने माझी एक कड फुगली. थंडी पडली की शिपाई माझ्याकडे बघून म्हणायचा, "दोन दिवस शेकोटी होईल याची." तो कुऱ्हाड शोधायला गेला असेल, या भीतीने मी तिथे तीन हिवाळे उभा होतो.

मग शेजारच्या मैदानावर एक सर्कस उतरली. तिथला दोर, खांब, झुले बांधणारा माणूस दोरी मागायला शाळेत आला आणि मला घेऊन गेला. सगळे त्याला दोरमामा म्हणायचे. हिशोबी माणूस. उडी कुठे सुरू होते, किती वर जाते, कुठे उतरते, हे सगळं तो माझ्या चौकटींवर मांडायचा. एक चौकट म्हणजे एक मीटर. आणि बहुतेक उड्या एकाच मुलीच्या असायच्या. ती त्याची सख्खी भाची, वय एकोणीस. हडकुळी, लांब तंगड्यांची, म्हणून सगळ्या सर्कशीत तिचं नाव नाकतोडा. मधे टेकू दिलेल्या फळीच्या एका टोकावर ती उभी राही, दुसऱ्या टोकावर दोन जाडे भाऊ एकदम उडी घेत आणि नाकतोडा हवेत जाई. पाच मीटरवर जाड गादी असे, तिच्यावर उतरे.

एका गावी तंबू फाटला. सर्कशीच्या मालकीणबाईंनी घाईघाईने एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं. छत उंच होतं, पण मधून एक लोखंडी तुळई आडवी गेली होती. ती इमारतीचीच, हलवणं शक्य नव्हतं. दुपारी चारचा खेळ होता, तिकिटं विकली गेली होती, आणि मालकीणबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "बसतंय का?"

दोरमामाने मला भिंतीला टेकवलं. नाकतोड्याच्या उडीचं गणित त्याला पाठ होतं. पाच गुणिले अंतर, त्यातून अंतराचा वर्ग वजा. जी उंची निघेल, तेवढा तिच्या डोक्याचा माथा वर जाणार, फळीवर उभी असताना असतो त्याच्यापेक्षा. त्याने कोष्टक केलं. एक मीटरवर उंची चार. दोनवर सहा. तीनवर सहा. चारवर पुन्हा चार. पाचवर शून्य, म्हणजे गादी. त्याने बिंदू ठेवले आणि जोडायला घेतले. दोनवरचा सहा, तीनवरचा सहा. पट्टी लावली आणि सर्रकन आडवी रेघ मारली.

मित्रांनो, त्या रेघेने मला जाळलं. असा आलेख माथ्यावर सपाट नसतो हो! तो पालथ्या वाटीसारखा असतो, त्याला एकच शेंडा असतो, आणि तो शेंडा दोन आणि तीनच्या मध्ये, अडीचवर होता. त्या जागी दोरमामाने काही मोजलंच नव्हतं. आणि तुळई नेमकी अडीचवर होती.

"जास्तीत जास्त सहा," तो म्हणाला. "तुळई त्याच्या अर्धी वीत वर आहे. बसतंय बाई."

मालकीणबाई सुस्कारा टाकून निघून गेल्या. मी ओरडत होतो. म्हणजे ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. वारा आला तेव्हा मी भिंतीवर खडखडलो, तर दोरमामाने माझ्या पायाशी एक वीट ठेवली आणि मला गप्प केलं. जाडे भाऊ अंग मोकळं करू लागले. नाकतोडा केस घट्ट बांधत माझ्यासमोर आली. तिला गणित फारसं येत नव्हतं. ती नुसती रेघ बघत राहिली.

"मामा, हे वर काय काढलंय? मी वर गेल्यावर चालत जाते का एक मीटर?"

"चालत कशाला जातेस?"

"मग सपाट का आहे? वर एकदाच थांबल्यासारखं होतं, एवढंसं. की लगेच खाली. अशी आडवी मी कधी जातच नाही."

"अगं, दोन्हीकडे सहाच आहे ना. मधे काय वेगळं असणार? शहाणपणा नको, तयारीला लाग."

ती हलली नाही. "मधलं मोजलंस का?" तिने विचारलं.

दोरमामा चिडून खडू घेऊन आला. अडीचच्या पाच पट साडेबारा. अडीचचा वर्ग सव्वासहा. साडेबारातून सव्वासहा गेले, राहिले सव्वासहा. हे लिहिताना त्याचा हात हळू होत गेला. सहाच्या वरच्या पावाचा हिशोब त्याने बोटांवर केला. पाव मीटर म्हणजे वीतभर, वर थोडंच. आणि तुळईपर्यंत जागा अर्धी वीत.

त्याने खडू खाली ठेवला. त्याने तिच्या वजनाचं, तिच्या उंचीचं एक पोतं रेतीने भरलं, काथ्याने आवळलं, फळीवर उभं केलं आणि भावांना खूण केली. पोतं वर गेलं. तुळईवर धप्प असा आवाज झाला, मी तो कधीही विसरणार नाही. पोत्याचं तोंड फुटलं आणि रेती खाली सांडत राहिली, बराच वेळ. नाकतोड्याने हात डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

दोरमामा माझ्याजवळ जमिनीवर बसला. "शाळेत असतानाही मी असंच सपाट करायचो," तो तिला म्हणाला. "अर्धा गुण कापायचे. मला वाटायचं, अर्ध्या गुणाने काय बिघडतं."

"ऊठ मामा," ती म्हणाली. "फळी सरकवू. तुळई शेंड्यावर नको, एकवर येऊ दे. तिथे मी चारच मीटर वर असते ना?"

त्यांनी फळी आणि गादी दोन्ही दीड मीटर पुढे सरकवली. उडी तीच, रेघ तीच, फक्त जागा बदलली. दुसरं पोतं तुळईच्या खालून गेलं, शेंडा पुढे मोकळ्या जागेत गाठला आणि गादीवर पडलं. तरी चार वाजता ती फळीवर चढली तेव्हा दोरमामाने डोळे मिटून घेतले. मला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून मी पाहिलं. ती गेली, वर थांबली, एवढंसं, आणि उतरली.

आता मी त्याच सर्कशीच्या सामानाच्या गाडीत असतो. दोरमामा मला दर महिन्याला पुसतो, फुगलेल्या कडेला तेल लावतो. पट्टी मात्र त्याने माझ्याजवळ पुन्हा आणली नाही. मित्रांनो, माझ्यासारखे फळे जपा, कोरडे ठेवा, शेकोटीत घालू नका, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणीतरी आज एखाद्या वहीत दोन बिंदू पट्टीने जोडत असेल आणि बाजूचा फळा गप्प उभा असेल. आम्हाला बोलता येत नाही. तेव्हा हात उचलण्याआधी तुम्हीच एकदा विचारा, मधलं मोजलं का. मधे एखादी मुलगी असू शकते.