मॅडम ओरडल्याच नाहीत

माझा प्रबंध नापास झाला, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम हसऱ्या चेहऱ्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवत होत्या.

"दुसऱ्या भागाबद्दल मी सुचवलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

कधी, बाई? वर्षभर दर पंधरवड्याला मी या डुगडुगत्या खुर्चीत बसलेय. दर वेळी ऐकलंय, "छान. दुसरा भाग पुन्हा एकदा नजरेखालून घालशील?" मी घातला. स्वल्पविराम नीट केले, दोन तक्ते मोठे केले. परक्या देशात, परक्या भाषेत वाचून वाचून डोळ्यांच्या खाचा झाल्यात, आणखी काय करणार?

आमच्या कॉलेजातले सर पानं टेबलावर आपटायचे. "डोकं गहाण ठेवून आलीस का?" सगळ्या वर्गासमोर! लाज वाटायची, रडू यायचं. पण काय चुकलं ते घरी पोचेपर्यंत डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. इथे कुणी आवाजच चढवला नाही, म्हणून मला वाटलं, आपली गाडी रुळावर आहे.

खोलीवर येऊन दप्तर फेकलं. माझी रूममेट इथलीच. तिला सगळं सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, त्या पुन्हा बघ म्हणाल्या म्हणजे तो भाग फेकून दे आणि नव्याने लिही!"

"मग तसं म्हणायला काय धाड भरली होती?"

"तोंडावर कसं म्हणणार? तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय गुदगुल्या होतायत?"

एकच संधी उरली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा द्यायचा. तेव्हाही नापास झाले तर पदवी नाही, बोजाबिस्तरा बांधून घरी. दुसऱ्या दिवशी मी परत मॅडमच्या दारात उभी राहिले. "मला एकदा रागावून सांगा. हात जोडते."

त्या लालबुंद झाल्या. खिडकीकडे बघत कसंबसं म्हणाल्या, "दुसरा भाग वाईट आहे. तू पुरावा एकही दिलेला नाहीस." एवढं बोलून लगेच तीनदा माफी मागितली. मला मात्र वर्षात पहिल्यांदा हायसं वाटलं.

संध्याकाळी घरी फोन लावला. बाबा कारखान्यात फोरमन. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्यांचं साधं बोलणंही शेजारपाजारी ऐकू जातं, आणि ओरडले तर विचारू नका. मी डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं, "बाबा, मी नापास झाले," आणि फोन कानापासून लांब धरला.

आवाजच येईना. पुन्हा कानाला लावला.

"बरं," बाबा हळूच म्हणाले. "असू दे. जेवलीस का?"

बाबांनी माझी आशाच सोडली की काय? "बाबा, ओरडा ना," मी म्हणाले. मला हुंदका आवरेना. "असं गोड नका बोलू. इथे सगळे तसंच बोलतात."

"कसा ओरडू?" ते म्हणाले. "मी ओरडलो की तू जेवत नाहीस. इथे आई ताट घेऊन तुझ्या मागे फिरते. तिथे कोण आहे तुला?"