हृदयावरची पिशवी

“मामा, अंगठा इथं,” म्हणत कारकुनानं शाईचा डबा माझ्यापुढं सरकवला.

मोठ्या मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मॅडम विभागाच्या प्रमुख. शेजारी नवा डॉक्टर, सहा महिन्यांपूर्वी पोरांना शिकवायला आलेला. तिसरा कारकून. आणि मी, शवविच्छेदनाच्या हॉलमधला शिपाई. एकतीस वर्षं देह धुतले, टेबलावर मांडले.

“काय लिहिलंय यात?” मी विचारलं.

“काही नाही हो, नेहमीचंच,” नवा डॉक्टर म्हणाला. “चौकशी मिटवून टाकू. चार महिने राहिले तुमच्या नोकरीचे, कशाला डोक्याला ताप?”

चौकशी कसली, ते सांगतो. यंदा कॉलेजला एकच देह मिळाला होता. छाती उघडली की आधी हृदय दिसत नाही, त्याची पिशवी दिसते. बाहेरून चिवट, खाली श्वासाच्या पडद्याला घट्ट धरून बसलेली. ती बेतानं चिरायची, आत बोट फिरवायचं. मग कळतं की आतलं अस्तर दुपदरी आहे. एक पदर पिशवीला, एक हृदयाला, आणि जिवंतपणी मधे चमचाभर पाणी. हा धडा एका देहावर एकदाच होतो.

डॉक्टरला घाई होती. वर्ग भरायच्या आधीच त्यानं पिशवी कापून बादलीत टाकली आणि हृदय सोलल्यासारखं ट्रेमध्ये ठेवलं.

“डॉक्टर, पोरांनी पिशवी पाहिली नाही अजून,” मी म्हटलं होतं.

“चरबी आहे ती, मामा. चार कप्पे दिसले की झालं. तुम्ही फरशी पुसा.”

मी फरशी पुसली. त्याच्यापेक्षा माझाच राग येतो मला, अजून. बादली तरी अडवायची होती.

पोरं मॅडमकडे तक्रार घेऊन गेली, तेव्हा तो म्हणाला, मामांनी धुताना काढून टाकली, अडाणी माणूस.

मी कागद उचलला.

“सुलटा धरलाय ना, मामा?” कारकून हसला.

नोकरीला लागताना अंगठा दिला होता, तोच दप्तरी राहिला. पन्नाशीला आलो तेव्हा हॉलमधल्या अवयवांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत अक्षरं शिकलो. चिठ्ठी चुकली की शिव्या मलाच पडायच्या, म्हणून. हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

“‘मी अज्ञानामुळे हृदयावरील आवरण निरुपयोगी समजून फेकून दिले,’” मी मोठ्यानं वाचलं. सावकाश, पण अडखळलो नाही.

कारकुनानं डब्याचं झाकण लावलं.

“मॅडम, पेन द्या.”

“मामा, आता वाढवू नका,” मॅडम म्हणाल्या.

“मी कुठं वाढवतोय? तीनच ओळी लिहितो.”

लिहायला वेळ लागला. तिघंही थांबले. ‘पिशवी डॉक्टरांनी कापली. मी सांगितले होते. ती चरबी नव्हे.’ खाली सही केली.

“मी तुम्हाला घरच्यासारखं मानत होतो,” डॉक्टर म्हणाला.

“घरच्याच्या माथी खापर फोडतात होय?”

मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवून किल्ली फिरवली. तो कागद पुन्हा कुणी पाहिला नाही. डॉक्टर हॉलमध्ये राहिला. मला दुसऱ्या दिवशी हॉलसमोरच्या सामानाच्या कोठीत पाठवलं, हातमोजे मोजायला.

आठवड्यानं तक्रारवाली पाच-सहा पोरं कोठीत आली. त्यातली चष्मेवाली म्हणाली, “मामा, पुस्तकात दोन पदर लिहिलेत, पण पिशवी एकच. डोक्यात शिरत नाही.”

मी प्लास्टिकच्या पिशवीत चमचाभर पाणी घातलं, तोंड गाठ मारून बंद केलं.

“मूठ वळ. आत नाही घालायची, बाहेरूनच रुतव. हं. मूठ म्हणजे हृदय. मुठीला चिकटला तो एक पदर, वरचा दुसरा. पिशवी एकच.”

“आणि पाणी मधे.”

“आता हलव. घासतंय?”

“नाही, मामा.”

समोर हॉलच्या दारात नवा डॉक्टर येऊन उभा राहिला होता. एका पोरानं घाईनं कोठीचं दार लोटायला हात लावला.

“राहू दे उघडं,” मी म्हटलं, आणि आवाज चढवून बाहेरच्या चिवट पिशवीचं सांगायला लागलो.