कढईवरची जीभ

विलायती साबणावर बहिष्कार पडल्यापासून नाशकात आमच्या वड्या हातोहात खपतात. पण कढई शिजली का नाही, हे आमच्या कारखान्यात जिभेवर ठरतं. ढवळायच्या वल्ह्यावरून नखाएवढा साबण उचलायचा, फुंकून गार करायचा, जिभेला लावायचा. चावला तर कॉस्टिक सोडा जास्त, तेल ओता. नाही चावला तर उतरवा. हे काम माझं, सावळीरामाचं. वाफेच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर, हबीब, ढवळायला त्याचा मेव्हणा निजाम, आणि कढईच्या कडेला फळीवर राजासारखा मी.

हबीब रोज सांगायचा, "थुंक. चूळ भर." मी कशाला ऐकतोय! नवा गडी आला की त्याच्यासमोर मी तो साबण मिटक्या मारत गिळायचो, वर म्हणायचो, "आज पेढा फक्कड झालाय, घे." बिचारा तोंडात घालायचा नि नळाकडे पळायचा. निजामही असाच पळाला होता.

त्याचा सूड त्यानं परवा घेतला. दुपारच्या चहात मूठभर मीठ घातलं आणि कप माझ्या हातात दिला. दोघंही छपराकडे बघत उभे. मी फुर्र करून अर्धा कप संपवला आणि म्हटलं, "निज्या, चहा जमलाय रे आज."

कोणी हसेना. हबीबनं कप ओढून घोट घेतला आणि लगेच थुंकला. मग त्यालाच हसू फुटलं. "याला आधीच कळलं होतं. उलटा आपल्यालाच बनवतोय."

मीही हसलो. दुसरं काय करणार? पण मला चहात मीठ लागलंच नव्हतं. कित्येक महिने मी बायकोला टोमणे मारत होतो, तुझ्या हाताची चव गेली म्हणून. सिंधू मसाले बदलून बघायची, शेजारणीला विचारून यायची. एकदा तर डोळे पुसत तिनं परत फोडणी केली होती, आणि मी ताट सरकवलं होतं.

तेवढ्यात निजामनं वल्हं पुढं केलं. मी साबण जिभेला लावला. काहीच नाही. आदल्या दिवशीही काहीच लागलं नव्हतं आणि मी 'उतरवा' म्हणून मोकळा झालो होतो. त्या वड्यांनी गंगेवर, आमच्या गोदावरीवर, बाया धुणं धूत असणार. आताही 'उतरवा' म्हटलं असतं तर माझी जागा राहिली असती.

"हबीब, तू बघ."

"का? काय टाकलंस त्यात?"

"काही नाही. माझी चव गेलीय. आईशप्पथ."

"ही कितवी आई?" निजाम म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

मग मी लिंबाएवढा गोळा उचलला, फुंकला, जिभेवर ठेवला आणि तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. साबण पाघळून हनुवटीवर आला. मी हललो नाही.

निजामचं हसू आधी थांबलं. "थुंक, दादा," तो म्हणाला. "थुंक ना."

हबीब कॉक बंद करून फळीवर चढला. साबण जिभेला लावला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "नुसती आग आहे. निजाम, तेल ओत." मग माझ्याकडे वळला. "कालच्या वड्या?"

"दुकानांत गेल्या."

"शेठला सांगावं लागेल."

"सांगतो. पण तू चल बरोबर. माझ्या एकट्याचं तो खरं धरायचा नाही."

हबीब खाली उतरला, हात पुसले आणि माझ्यापुढं शेठच्या खोलीकडे चालायला लागला.