डाव्या अंगाची धार

सुरा घरात आला तो पोत्यात गुंडाळून, धाकट्याचे बूट, बॅटरी आणि दोन शर्ट यांच्या सोबतीने. धाकटा मात्र आला नाही. जमीन मोजणाऱ्या पथकात त्याचं काम सगळ्यांच्या पुढे चालायचं, झुडपं तोडून मागच्यांना वाट करून द्यायची. डोंगरातल्या एका वळणावर पथकाची जीप उलटली, आणि इतरांना वाट करून देणाऱ्याला स्वतःला काही बाहेर पडायची वाट सापडली नाही.

पोतं तीन महिने माळ्यावर पडून होतं. त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. सुनेला मात्र ते कुठे आहे, कोणत्या बाजूने टेकवलंय आणि आतल्या सुऱ्याचं टोक कुठल्या कोपऱ्यातून पोतं फाडू पाहतंय, हे सगळं झोपेतही सांगता आलं असतं. छकुली अडीच वर्षांची होती आणि नुकतीच स्टूल ओढत नेऊन त्यावर चढायला शिकली होती. नवरा छापखान्यात कामाला. तो चारचौघांत हसून सांगायचा, "आमच्या घरात टाचण्यांचीसुद्धा रोज हजेरी होते. एक गैरहजर असली तर जेवण नाही." लोक हसत, तीही हसायची. पण टाचण्या मोजायची सोडत नसे.

एका सकाळी तिने सासऱ्यांपुढे चहाचा कप ठेवला आणि धीर करून म्हणाली, "बाबा, ते माळ्यावरचं पोतं..."

"हं."

"त्यातला सुरा घरात नको वाटतो. छकुली आता कुठेही चढते."

सासरे चौतीस वर्षं एका कारखान्याच्या हत्यारखान्यात धार लावण्याचं काम करून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना धारवाले म्हणत. सुनेच्या बोलण्यावर त्यांनी कप तसाच धरून ठेवला. "फेकायचा म्हणतेस?"

"फेका कुठे म्हणतेय मी? लहान नाही का करता येणार? टोक घालवून? घरात वापरता येईल असा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग उठले, स्वतः स्टूल लावलं आणि पोतं खाली काढलं. तिला एकदम भरून आलं. कारण त्या तीन महिन्यांत बाबांनी एकाही हत्याराला हात लावला नव्हता. शेजारची शिवणकामवाली आपली मोठी कात्री घेऊन दोनदा परत गेली होती.

पहिला दिवस मूठ उतरवण्यात गेला. मागच्या गॅलरीत त्यांचं बाक होतं, त्याला हत्यार पकडायचा शिकंजा आवळलेला. सुरा हातभर लांब, पातं काळ्या रंगाने माखलेलं, मुठीवर दोरी घट्ट गुंडाळलेली. दोरी घामाने आणि मातीने इतकी कडक झाली होती, की ती सोडवावी लागली नाही, सालीसारखी सोलून निघाली. आतून लाकडाच्या दोन फळ्या. त्यातल्या एकीवर अंगठा बसेल अशी खोलगट जागा कोरलेली होती.

बाबांनी सुरा उजव्या हातात धरून पाहिला. अंगठा त्या खळग्यात काही बसेना. "कोणी कोरलंय हे? खड्डा भलत्याच बाजूला! माणसाचा अंगठा कुठे असतो एवढंही कळू नये?"

गॅलरीच्या जाळीच्या दाराआड, छकुलीला कडेवर घेऊन ती उभी होती. तिला एका क्षणात कळलं. खड्डा भलत्या बाजूला नव्हता. सुरा डाव्या हातात धरला असता तर अंगठा अलगद जाऊन बसला असता.

आणि हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं.

लग्न होऊन ती आली तेव्हा बाबा अजून कारखान्यात जात. नवराही कामावर. धाकटा दोन मोहिमांच्या मध्ये घरी असला की दुपारी दीर-भावजय दोघंच जेवायला असत. पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं, की बाबा घरात असताना उजव्या हाताने घास घेणारा हा माणूस, ते नसले की खुशाल डाव्या हाताने जेवतो. तिने विचारलं, तेव्हा चोरी पकडल्यासारखा तो हसला. "वहिनी, बाबांना बोलू नका हं. लहानपणी दोन वर्षं खपले ते माझ्या हातावर. त्यांना वाटतं, ते जिंकलेत."

"आणि तुम्हाला काय वाटतं, भाऊजी?"

"मला? मला भूक लागलीय. वाढा."

ती बोलली नव्हती. आताही तिच्या ओठांवर शब्द आले आणि थांबले. बाबा खिळ्यांवर ठोके घालत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जुना खडूसपणा परतला होता. ती म्हणाली, "बाबा, रंग काढायचं औषध उघडाल तेव्हा हाक मारा. मी आतलं दार लावून घेते."

"हो, बाई. आणि खिळे किती निघाले तेही लिहून देतो."

फळ्या आणि दोरी कागदात गुंडाळून गेली कचऱ्याच्या गाडीत. तिने स्वतःच नेऊन टाकली. लाकडाची ढलपी छकुलीच्या बोटात जायला नको.

दुसऱ्या दिवशी पात्याचा रंग निघाला. औषध लावलं, तसा काळा थर फुगला आणि भाजलेल्या कातडीसारखा सुटत गेला. खालचं पोलाद दिसलं, तसे बाबा खुलले. "पोलाद चांगलं आहे हो! पोरट्याने घेतला तेव्हा डोळे उघडे होते म्हणायचे." मग चाकावर टोक घासून काढायला घेतलं. दोन सेकंद चाकाला, की लगेच बादलीत. पुन्हा चाकाला, पुन्हा बादलीत. "तापू द्यायचं नाही," ते जाळीआडच्या प्रेक्षकांना सांगत होते. "तापलं की पाणी उतरतं. मग ती सुरी नाही, डब्याचा पत्रा!"

"पता!" छकुली ओरडली.

"शाब्बास! आईपेक्षा लवकर कळलं तुला."

शिवणकामवाली चाकाचा आवाज ऐकून धावत आली, कात्री पदराखाली लपवून, जणू शस्त्र घेऊन दरोड्याला निघालीय. "दादा, उघडलं का दुकान? माझी कात्री आता कापड कापत नाही, चावते!"

"ठेवा तिथे. आधी हे होऊ द्या."

"हे काय, तलवार?"

बाबांनी चाक थांबवलं. "धाकट्याची आहे," ते म्हणाले. शिवणकामवालीने कात्री ठेवली आणि निघून गेली.

टोक गेलं. सुरा वीतभर कमी झाला. आता त्याला घाबरायचं फारसं कारण उरलं नव्हतं, आणि तिला तसं बरंही वाटलं. संध्याकाळी बाबांनी पातं उजेडात तिरकं धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इकडे ये जरा. हे बघ. धारेला उतार कसा असावा? दोन्ही अंगांनी सारखा. आणि एकाच अंगाने द्यायचा तर उजव्या. याने दिलाय डाव्या अंगाला. उजवं अंग सपाट! असल्या सुऱ्याने सरळ फांदी तुटणार आहे का? घाव तिरका पळणार." त्यांनी मान हलवली. "धारवाल्याचा मुलगा, आणि धार ही अशी! हत्यारखान्यात कोणी पाहिलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

ती दारात उभी होती. आता बोलायचं, तिने मनाशी म्हटलं. एवढंच सांगायचं, की बाबा, ते चुकलेलं नाही. पण त्या एका वाक्यामागे दुसरं उभं होतं: तो मरेपर्यंत तुमच्यापासून लपून जेवत होता. मूल गेलेल्या बापाला हे सांगायचं? तेही तीन महिन्यांनी तो जरा माणसात आल्यावर? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, जी तिने स्वतःलासुद्धा स्पष्ट सांगितली नव्हती. त्या हत्याराचं धाकट्याशी असलेलं नातं जितकं पुसलं जाईल, तितकी ती साधी, निमूट, घरातली सुरी होणार होती. तिला तेच हवं होतं.

"उद्या सरळ करतो," बाबा म्हणाले. "शाळेत असताना त्याची गणितं नाही का करून द्यायचो, तसंच."

"हो, बाबा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर छकुली झोपली आणि बाबा दगड घेऊन बसले. आधी कानस, मग खरखरीत दगड, शेवटी गुळगुळीत. टोकाकडून मुठीकडे. दगडाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता, एका लयीत, खर्र, खर्र. ती भांडी घासत होती. एक पातेलं तिने तीन वेळा घासलं. मग हात तसेच ओले घेऊन ती गॅलरीच्या दाराशी गेली.

"बाबा, थांबा."

"का? उठली का ती?"

"नाही. थांबा जरा." जाळीचं दार उघडून ती पहिल्यांदाच आत, बाकाजवळ गेली. "ते चुकलेलं नाही. भाऊजी डावरे होते."

"होता. लहानपणी," बाबा म्हणाले. "सुटलं ते."

"नाही सुटलं."

दगडावरचा हात थांबला. तिने सांगितलं. दुपारची जेवणं, डावा हात, पथकाची वही घरी बसून डाव्याच हाताने भरणं, मुठीवरचा खड्डा. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पात्याकडे बघत होती. पात्याचा बराचसा भाग आता दोन्ही अंगांनी सारखा लखलखत होता. मुठीलगत चार बोटं जुना उतार तेवढा शिल्लक होता.

बाबांनी चष्मा कपाळावर सारला, पातं डोळ्यांजवळ नेलं आणि तो चार बोटांचा तुकडा पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. अंगठ्याचं नख त्यावरून हलकेच ओढलं. चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या धारा तपासल्या, त्याला काय दिसतंय हे तिला कळत नव्हतं. पण चेहरा दिसत होता.

"एकसारखा आहे गं," ते अगदी हळू म्हणाले. "कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. हाताने दिलाय, चाकावर नाही. महिनाभर लागला असेल." मग म्हणाले, "असा उतार आमच्या हत्यारखान्यात दोघांना जमायचा. मी त्यातला एक."

सुरा त्यांनी डाव्या हातात घेतला. दगडावर टेकवला, कोन धरायचा प्रयत्न केला, गेलेला उतार पुन्हा द्यायला म्हणून. मनगट वळेना. पातं दगडावर डगमगलं, एकदा, दोनदा. सराईत माणसाचा हात एखाद्या पोरासारखा चाचपडताना तिने पाहिला. त्यांनी सुरा खाली ठेवला.

"मफलरने बांधायचो मी," ते म्हणाले. "त्याचा हा हात. पाठीमागे. जेवायला बसला की. रडायचा नाही तो, नुसता बघत बसायचा. मला वाटायचं, पोर समजूतदार आहे."

तिने ओले हात पदराला पुसले.

"तुला कधी कळलं? हे, सुऱ्याचं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं, आणि त्यांनी मानलंही असतं.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "मूठ काढली तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली."

"कशाची? सुऱ्याची?"

"सुऱ्याची. आणि तुमचीसुद्धा, बाबा."

बाबांनी मान डोलावली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. "त्यालाही वाटत असणार," ते म्हणाले. "म्हणून तर."

बादलीतलं पाणी त्यांनी ओतून दिलं, दगड पुसले, कानस डब्यात ठेवली. पात्याचा उरलेला चार बोटांचा भाग तेलाने पुसून कापडात गुंडाळला. मुठीचं काम काढलंच नाही.

संध्याकाळी नवरा आला. हातपाय धुताना त्याने गॅलरीत डोकावून विचारलं, "झाली का सुरी?"

"बिघडवली," बाबा म्हणाले.

"तुम्ही? आणि बिघडवली?" तो हसला. "आता मीच छापखान्यात उलटा कागद घालायचा राहिलोय."

"दोघांनी मिळून बिघडवली," ती म्हणाली. नवऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा बापाकडे पाहिलं आणि हसणं तिथल्या तिथे आवरलं.

जेवताना छकुलीने भात सांडला, तो आईने टिपला. नवरा उठून गेला, मुलीला घेऊन. बाबांचं ताट अर्धंच संपलं होतं. बोटांनी ते शितं गोळा करत होते आणि पुन्हा पसरत होते.

"माझ्यासमोर तो फार हळू जेवायचा," ते ताटाकडे बघतच म्हणाले. "निम्मं टाकून उठायचा. मी ओरडायचो, अन्नाची किंमत नाही म्हणून." मग त्यांनी विचारलं, "दुपारी... तुझ्यासमोर... नीट जेवायचा का गं?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "दोन-दोनदा मागून घ्यायचे."