काळं बटण

काळं होतं. तिने डबा उजेडाकडे धरला... काळंच, चार भोकांचं, तिनेच आईच्या शिलाईच्या सामानातून आणलेलं – आणि तिला हसूच फुटलं.

रक्तपेढी कसली, जिन्याखालची खोली. एक खाट, एक फ्रीज, आणि रक्त घेणारी, तपासणारी ती एकटीच. रक्तातून दुसऱ्याला लागणारं दुखणं नवं नवं असलं की तिच्याकडच्या तपासणीत सापडत नाही. ते फक्त माणसाला ठाऊक – आणि दारात सगळं घरदार उभं असताना कोण खरं बोलतंय? म्हणून ही बटणं. रक्त दिलं की दात्याला आत एकटं सोडायचं, हातात दोन बटणं ठेवून. डब्यात पांढरं टाकलं तर रक्त वापरा, काळं टाकलं तर नको. का, ते कुणी विचारणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, भातुकली मांडलीय का बाई? आणि तेव्हापासून नुसती पांढरी, पांढरी... तिलाही वाटायला लागलं होतं, चुकलंच आपलं.

आणि आज हा! वहिनीचं ऑपरेशन, तर धाकटा दीर बाह्या सरसावून हजर, दोन पिशव्या घ्या म्हणत, नर्सलासुद्धा हसवत. आत एकटा मात्र किती वेळ बसला – तिला वाटलं, चक्कर आली की काय...

पिशवी तिने टाकायच्या रक्तात ठेवली. एकेका पिशवीसाठी लोकांच्या हातापाया पडणारी मी, भरलेली पिशवी फेकताना गुणगुणतेय? वेड लागलंय मला.

बाहेर येऊन तिने सांगितलं, "पिशवी नीट भरली नाही, चूक माझी. दुसरं कुणी या."

"बघा आमचा वाघ," त्याची आई म्हणाली, "एक पिशवी भरेना."

सगळे हसले, तोही. थोरला भाऊ उठला, त्याचाही गट वहिनीचाच. थोड्या वेळाने त्याचं पांढरं बटण पडलं, तपासण्याही नीट आल्या, आणि पिशवी वर ऑपरेशनला गेली. धाकटा मागे रेंगाळला.

"सकाळी इथे कुणाचे नातेवाईक नसतात, मी एकटीच असते," ती हळूच म्हणाली. "तुमची तपासणी करता येईल, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा."

"बरं, ताई." तो बुटांकडेच बघत होता.

येईल, न येईल... पण सांगितलं तर खरं, घरच्यांना नाही ते मला सांगितलं! बाहेरच्या बाकावर नवे नातेवाईक येऊन टेकले होते, आवाज चढवून कुणाचं रक्त चांगलं यावर भांडत होते. रोज ती दारातूनच त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघायची, ह्यातला कोण थापा मारतोय म्हणून. आज ते बघणं तिला जमेचना.