पाण्याखालची टकटक

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात एक माणूस असा असतो, जो घरात असून घरात नसतो. चहा पुढे ठेवला की पितो, काही विचारलं की मान डोलावतो. पण ती मान तुमच्या बोलण्याला डोलली की गाण्याच्या ठेक्याला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. या गोष्टीतला चष्मेवाला त्यातलाच. दिवसभर दुकानात भिंगं बदलत "आता बरं दिसतंय की मघाशी?" हे विचारून त्याचं डोकं उठायचं. मग घरी आला की कानात इयरफोन आणि जगाशी कट्टी!

त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. "अहो, ऐकलं का?" असं ओरडून तिचा घसा बसला, तेव्हा तिने एक युक्ती काढली. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. टिंग टिंग टिंग! तो आवाज गाण्यातूनही आरपार जायचा. चष्मेवाला एक कान मोकळा करून "काय गं?" म्हणायचा आणि दोघंही हसायचे. संसारात अशा तडजोडी खपून जातात.

स्कूबा डायव्हिंगची हौस बायकोची. आयुष्यभर फळ्यावर समुद्र काढले, एकदा त्याच्या आत जाऊन बघायचं होतं. दोघांनी मिळून प्रशिक्षण घेतलं. त्यांच्या प्रशिक्षक बाई पाण्यात कधीच घाई करत नसत, म्हणून सगळे शिकाऊ त्यांना पाठीमागे 'कासवबाई' म्हणायचे.

"जोडीने उतरायचं, जोडीनेच वर यायचं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "पाण्यात हाक मारता येत नाही. अडलात की या लोखंडी कडीने पाठीवरच्या टाकीवर ठोका. आणि ठोकलेलं ऐकू आलं की जोडीदाराने लगेच चहूकडे बघायचं, कारण आवाज कुठल्या बाजूने येतोय ते पाण्यात समजत नाही."

"मॅडम, आत गाणी लावली तर?" चष्मेवाल्याने विचारलं. पाण्यात चालणारा प्लेअर त्याने आधीच मागवून ठेवला होता.

"नको."

"अगदी हळू आवाजात?"

"नको म्हटलं ना."

त्याने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. समुद्रात उतरायच्या दिवशी बोटीवर त्याने प्लेअर रबरी टोपीखाली बेमालूम दडवला. बायकोने ते पाहिलं. मग ती आपली टाकी पाठीवर चढवू लागली.

खाली काय मौज होती म्हणता! निळंशार पाणी, पिवळ्या माशांचे थवे आणि कानात आवडतं गाणं. मासे जणू आपल्याच तालावर नाचतायत असं वाटून चष्मेवाला पुढे पुढे जात राहिला. कासवबाई दुसऱ्या दोघांना घेऊन बऱ्याच पलीकडे होत्या.

गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी जराशी शांतता असते ना, तेवढ्यात त्याला ठोकल्याचा आवाज आला. टक टक टक!

तो गर्रकन वळला. बायकोचा पाय एका जुन्या, तुटक्या जाळ्यात गुरफटला होता. कासवबाई एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने सुरीने जाळं कापत होत्या. मास्कच्या काचेमागे बायकोचे डोळे विस्फारले होते. मदत येऊन पोहोचली होती, तरी तिचा हात टाकीवर ठोकतच होता.

बोटीवर आल्यावर कासवबाईंनी चष्मेवाल्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही तर जवळ होतात. ऐकू आलं नाही?"

तो उत्तर शोधत होता, तोवर धापा टाकत बायकोच म्हणाली, "माझाच हात हळू पडला असेल, मॅडम."

चष्मेवाल्याने टोपी कानांवर आणखी खाली ओढली. टोपीखाली गाणं अजून चालूच होतं.

बायको घरी येऊन भांडली असती, तर त्याने कान धरून माफी मागितली असती आणि सुटला असता. पण ती भांडलीच नाही. फक्त पेल्यावरचा चमचा वाजायचा थांबला. जेवण तयार झालं की ती खोलीत यायची, त्याच्या खांद्याला हात लावायची आणि म्हणायची, "चला."

एका संध्याकाळी तो घरात आला, तर ती डगमगत्या स्टुलावर चढून माळ्यावरची जड पेटी एकटीच ओढत होती.

"अगं, पडशील! हाक का नाही मारलीस?"

"सवय गेली," ती सहज म्हणाली.

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो कासवबाईंकडे गेला. त्या नळाखाली रबरी पोशाख खळबळून काढत होत्या.

"मॅडम, तिचा हात हळू नव्हता. मी गाणी ऐकत होतो."

"माहीत आहे," त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "मी तुमच्यापेक्षा कितीतरी लांब होते. मला ऐकू आलं."

"पण ही वस्तू बाजारात उघड मिळते. मला वाटलं, त्यात काय एवढं..."

"वस्तूला कशाला दोष देता? घरी बसून ऐका की खुशाल! पण खाली स्वतःचा श्वास ऐकायचा असतो. तो भरभर चालला की हवा लवकर संपते. वर येताना डोक्यावर बोट असेल तर तिचं इंजिन ऐकायचं असतं. आणि तुमचे कान तिथे तुमच्या एकट्याचे नसतात हो! तुमच्या भरवशावर ती बाई समुद्रात उतरली होती."

"माझं चुकलं. मला माफ करा."

"माझी कसली माफी मागता? ठोकत मी नव्हते."

त्या संध्याकाळी त्याने इयरफोन काढून ठेवले आणि बायकोसमोर बसला. "तू माझ्यासाठी खोटं बोललीस," तो म्हणाला, "आणि मी तुला बोलू दिलं. आज कासवबाईंना सगळं सांगून आलो."

तिने इतके दिवस घालून ठेवलेला बांध तेव्हा फुटला. "त्या आल्या तरी मी ठोकत होते," ती हुंदके देत म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही वळाल. आता तरी वळाल!"

चष्मेवाल्याने इयरफोन उचलून कपाटात टाकले.

त्यानंतर गाणी लागली ती दोघांना ऐकू येतील अशी, दिवाणखान्यात. पण पेला काही वाजला नाही. चष्मेवाला रोज कान देऊन बसायचा आणि 'पेला वाजव' म्हणायला आपल्याला तोंड नाही, हेही त्याला कळत होतं.

मग एके दिवशी तो न्हाणीघरात डोक्याला साबण लावत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. अगदी हळू, चाचरत. टिंग... टिंग.

तो तसाच टॉवेल गुंडाळून धावला. दाराच्या चौकटीला गुडघा आपटला, डोळ्यांत साबण गेला. बायको ओट्याशी पेला आणि चमचा घेऊन उभी होती.

"काय झालं? काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं वाजवून बघितलं."

"ऐकलं," तो डोळे चोळत म्हणाला. "ऐकलं मी!"

वाचकहो, पाण्याखाली गाणी ऐकावीत का, असं कुणी विचारलं तर हा चष्मेवाला आता ठामपणे "नको" म्हणतो. तुम्हीआम्हीही म्हणावं. गाणं कुठे पळून जात नाही, वर आल्यावरही ऐकता येतं. पण ज्याच्या भरवशावर कुणी पाण्यात उतरलं आहे, त्याने कान मोकळे ठेवलेच पाहिजेत, आणि घर तरी याहून वेगळं कुठे आहे? हाका मारून थकलेलं माणूस एकदा गप्प झालं, की पुन्हा चमचा हातात घ्यायला त्याला फार धीर लागतो.