सशाचा कान

“दहा मिनिटांत एकदा,” तपासणीच्या मॅडम कागदावर पेन टेकवून म्हणाल्या. “खेळता खेळता मूल आईच्या तोंडाकडे किती वेळा बघतं ते आम्ही मोजतो, ताई. खेळण्याकडे बघायचं, मग आईकडे, परत खेळण्याकडे. तुमची मुलगी एकदाच बघते आहे. आणि तुम्ही तर तिच्याकडे एकदाही बघितलं नाहीत.”

शिवणवाली खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर तिची लेक, गुंडी. पोरीला दोन वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला होता आणि बोलण्याच्या नावाने सगळी बोंब. तशी मोठी लबाड, पण आत्ता अगदी शहाण्यासारखी बसली होती.

वन्संनी घर डोक्यावर घेतलं होतं ते ह्याच बोलण्यावरून. “तू दिवसभर मशीनला डोळे लावून बसतेस आणि पोर मशीनखाली. ती कुणाकडे बघत नाही, बोलत नाही. वर्षभर माझ्याकडे दे तिला. माझी पोरं मोठी झाली, मला वेळच वेळ आहे.” नवऱ्याने ताटातून मान वर न करता निकाल दिला होता, “तपासणीत काय येतं बघू, मग ठरवू.” आणि हिनेही रागाच्या भरात म्हणून टाकलं होतं, “चालेल! तपासणी सांगेल ते!” जीभच ती, सुटली की सुटली. त्या दिवसापासून ती स्वतःला बोल लावत होती.

खरी चूक मात्र आज झाली होती. “घरी खेळता तसं खेळा,” असं सांगून मॅडम काचेपलीकडे गेल्या. खोलीत ठोकळे होते, चाकांची गाडी होती, आणि एक कापडी ससा होता. सशाचा एक कान उसवून लोंबत होता. लोकांच्या पँटी आखूड करणाऱ्या, चेन बदलणाऱ्या बाईला लोंबता कान बघवतो होय? हात आपसूक कॉलरकडे गेला. तिथे दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची. झालं! दहा मिनिटं ससा शिवण्यात गेली.

“मॅडम, तो कोपऱ्यातला कॅमेरा चालू होता ना?”

“हो.”

“मग लावा. मला बघायचंय.”

“ताई, त्याने आकडा बदलणार नाही.”

“बदलू नका. नुसतं लावा.”

तिचा आवाज चढला होता. मॅडमनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर शिवणवालीने कॉलरमधून सुई काढली. त्यासरशी गुंडीने हातातला ठोकळा खाली ठेवला, रांगत आईच्या गुडघ्याशी आली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

“हे बघितलंत? सुई बाहेर असली की हात मांडीवर आणि नजर सुईवर, मदतीपुरताच हात उचलायचा, हा आमच्या घरचा नियम आहे. ती बसायला लागली तेव्हापासूनचा. नाही तर मशीनशेजारी पोर वाढवायचं कसं, सांगा की!”

ससा घसरायला लागला. गुंडीने त्याचा पाय धरून ठेवला. दोरा संपत आला तशी आईने डावा हात मागे केला, शब्द न बोलता, वळून न बघता. गुंडीने बसल्या जागेवरूनच शेजारच्या पिशवीत हात घालून रीळ काढलं आणि त्या तळव्यावर ठेवलं. पिशवीत रिळं चार होती. तिने पांढरं काढलं, कारण ससा पांढरा होता.

मॅडम पुढे सरकल्या. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावला.

“तिला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मी कुठे बघतेय ते तिला कळतं. ती कुठे बघतेय ते मला कळतं. आम्ही दोघी एकाच टाक्याकडे बघतो, मॅडम. एकमेकींच्या तोंडाकडे काय बघायचंय, तोंडं काय पळून चाललीत?”

मॅडमना हसू फुटलं, पण त्यांनी ते आवरलं. पडद्यावर शेवटची गाठ बसली होती. माय-लेकींनी सशाचा कान मिळून ओढून बघितला. मग गुंडीने मान वर केली.

“हे बघा, इथे ती तुमच्याकडे बघते आहे. हेच ते एकदा.”

शिवणवाली पडद्याकडे वाकली. हा एक आकडा तरी पदरात होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिला ते जमेना.

“खोडा तो,” ती म्हणाली. “सुई परत कॉलरमध्ये गेली का, ते बघतेय ती. गेल्याशिवाय उठायचं नसतं. शून्य लिहा.”

“ताई, विचार करा. कागदावर शून्य दिसेल.”

“दिसू दे! पण हिनं जे केलं ते कुठल्या रकान्यात लिहिणार?”

“तसा रकाना नाही यात.”

“नसेल तर पाडा. खिसा नसलेल्या पँटला मी रोज खिसा लावून देते.”

“मला तो अधिकार नाही.” मॅडमनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी शून्य लिहिलं आणि खालच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात सहा ओळी लिहिल्या. “मी जे बघितलं ते लिहिलंय. बोलण्यासाठी मात्र सहा महिन्यांनी पुन्हा आणायला हवं तिला.”

“आणीन की. मीच आणीन.”

घरी वन्सं बसल्याच होत्या. आपली बॅग आणून त्यात गुंडीचे कपडे भरूनही झाले होते. त्यांनी कागद हातात घेतला.

“शून्य! मी काय म्हणत होते?”

“खालचंही वाचा, वन्सं.”

“आता खालचं काय वाचायचं?”

“अगं, तूच म्हणाली होतीस,” नवरा चाचरत म्हणाला, “तपासणी सांगेल ते.”

“म्हणाले होते. चुकले. शब्द मागे घेतेय, काय नावं ठेवायची ती ठेवा. पोर मी देणार नाही.”

ती जमिनीवर बसली आणि तिने बॅग उघडली. मग कपाटाकडे वळून, मान खाली ठेवूनच तिने डावा हात मागे केला. गुंडीने बॅगेतला वरचा फ्रॉक काढून त्या तळव्यावर ठेवला. शिवणवालीने तो कपाटात ठेवला आणि हात पुन्हा मागे केला. दुसरा फ्रॉक आला, मग स्वेटर, मग मोजे. वन्संची नजर त्या मागे येणाऱ्या हाताबरोबर फिरत होती. नवराही बघत उभा राहिला.

बॅग रिकामी झाली तेव्हा शिवणवालीला दिसलं की तिचा पट्टा एका बाजूने उसवला आहे.

“थांबा, वन्सं, एवढं टाचून देते,” ती म्हणाली आणि तिने कॉलरमधली सुई काढली.

गुंडी तिच्या गुडघ्याशी येऊन बसली. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

वन्संनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला आणि खालच्या ओळी वाचायला घेतल्या.